उकंडाचा राहून गेलेला नवस

उकंडा शाळेची व्हॅन चालवतो. सकाळी तीन गावांतली सतरा पोरं गोळा करायची, पुसद रोडवरच्या शाळेत उतरवायची, संध्याकाळी पाचला परत न्यायची. मधल्या वेळात चार एकर शेत. पोरांना बसवायची त्याची एक रीत आहे. मुली मधल्या सीटवर, मुलं मागं, आणि ज्याला गाडी लागते तो पुढं, त्याच्याजवळ. नऊ वर्षांत या रीतीबद्दल कोणी काही बोललं नाही. ही रीत आहे, हे उकंडालाही कधी जाणवलं नव्हतं.

त्याचं स्वतःचं लेकरू, रजत, नववीत आहे. दिवाळीनंतर ते मागं बसेना. मधल्या सीटवरही बसलं नाही. दाराजवळ दप्तरांचा ढीग असतो, त्यावर बसू लागलं.

"काहून रे, मागं जागा नाही का?" उकंडानं आरशातून विचारलं.

"इथंच बरं आहे."

"काय बरं आहे? ब्रेक दाबला का नाक फुटते."

मागून अमर म्हणाला, "राहू द्या ना काका. त्याले मैत्रिणीजवळ बसाचं आहे."

मागची सीट हसली. मधल्या सीटवरची पायल वळून म्हणाली, "अमऱ्या, तू काल गणिताचा पेपर पाहून रडत होता. तुले कोनाजवळ बसवाचं, आजीजवळ?" मग सगळी गाडी हसली. उकंडाही हसला. पोरं आहेत, बोलणारच. रजत काचेतून बाहेर पाहत राहिलं. बाहेर नुसती तूर होती.

त्या शुक्रवारी मधल्या सुटीनंतर रजत चक्कर येऊन पडलं. फोन आला तेव्हा उकंडा तुरीवर फवारणी करत होता. पाठीवरचा पंप बांधावर ठेवून तो तसाच निघाला. अंगाला औषधाचा वास होता. मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरताना त्याला त्या वासाची लाज वाटली.

रजत बाकावर बसलं होतं. शेजारी वर्गशिक्षिका दिपाली मॅडम. त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास होता. मुख्याध्यापक बाबाराव सर टेबलामागं उभे होते. उकंडानं त्यांना इतक्या वर्षांत बसलेलंच पाहिलं होतं.

"आजारी नाही," मॅडम म्हणाल्या. "हे लेकरू दिवसभर पाणीच पीत नाही."

"काहून?"

"बाथरूमला जावं लागू नये म्हणून. मुलं बाहेरून कडी लावतात. एकदा पूर्ण तास आत होतं."

उकंडानं रजतकडं पाहिलं. रजतनं जमिनीकडं.

"दुसरी गोष्ट," बाबाराव सर म्हणाले. त्यांनी रजतची हनुवटी बोटानं हळूच वर केली. नाकाच्या डाव्या पाकळीत कडुनिंबाची काडी होती. गावात मुलींचं नाक टोचलं की छिद्र बुजू नये म्हणून घालतात, तशी. नखाएवढी. उकंडाला दुरून तीळ वाटला होता. आठ दिवसांपासून वाटत होता.

"हे काय आहे, उकंडराव? आणि केस बघा. मानेखाली आलेत. दोन पालक येऊन गेले माझ्याकडे. म्हणाले, आमच्या पोरांवर काय परिणाम होईल. मी काय सांगू त्यांना?"

उकंडानं काडीकडं पाहिलं. ते छिद्र कोणी पाडलं होतं, हे त्याला ठाऊक होतं.

"मी तीस वर्षांपासून शिकवतो," सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "हे मला कोणी शिकवलेलं नाही. सोमवारी केस कापून, काडी काढून आणा. नाहीतर दाखला न्या. दुसरीकडे शिकू द्या. मी वाईट माणूस नाही, पण शाळा चालवायची आहे मला."

व्हॅनमध्ये दोघंच होते. रजत पुढं बसलं. गाव येईपर्यंत बोलायचं नाही असं उकंडानं ठरवलं होतं. पण नाल्याजवळ बकऱ्या आडव्या आल्या आणि गाडी थांबवावी लागली. थांबलेल्या गाडीत गप्प बसणं अवघड असतं.

"बाबा," रजत म्हणालं, "मी मुलगा नाही."

बकऱ्या जात होत्या. संपत नव्हत्या.

"मंग काय आहेस?"

"मुलगी."

"डॉक्टरनं सांगितलं?"

"नाही."

"मंग कोनं सांगितलं?"

"तुम्हाले कोनं सांगितलं होतं, तुम्ही मुलगा आहे म्हणून?"

उकंडानं हॉर्न वाजवला. बकऱ्यावाल्यानं त्याच्याकडं रागानं पाहिलं.

"पायल अन् त्या मले निकिता म्हणतात," रजत म्हणालं. "व्हॅनमधी नाही म्हणत. शाळेत."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

उकंडा रोज दोन वेळा त्या पोरांना घेऊन जात होता. सगळ्या मधल्या सीटला माहीत होतं. तो फक्त गाडी चालवत होता.

आता उकंडाच्या नावाबद्दल सांगायला हवं. त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

त्याच्या आधीची तीन भावंडं गेली होती. म्हणून तो जन्मला तेव्हा आईनं त्याला उकंड्यावर, म्हणजे शेणाच्या ढिगावर, लोळवलं आणि तेच नाव ठेवलं. मरणाला वाटावं, हा तर कचरा आहे, हा कायले न्यायचा. रामीबाई सुईणीनं त्याला लोळवलं होतं. ती अजून आहे. अजूनही भर बाजारात सांगते, "याले म्या शेनात घातलं म्हणून हा आज गाडी हाकते."

तो जगला. पण शाळेत हजेरीला त्याचं नाव आलं की पोरं नाकाला हात लावायची. मास्तरही गालात हसायचे. आठवीत त्यानं शाळा सोडली. का सोडली, हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. घरी वाटलं, शेतात हात हवा म्हणून सोडली.

मग त्याचं लग्न झालं. बेबीला पहिला मुलगा झाला, अकरा दिवसांनी गेला. दुसरा सात महिन्यांचा होऊन गेला. तिसरा झाला तेव्हा उकंडाची आई टोपलीभर शेण घेऊन दारात उभी राहिली. उकंडा आयुष्यात पहिल्यांदा तिला आडवा आला.

"या घरात एक उकंडा बस झाला," तो म्हणाला.

"मंग काय, हाही जाऊ द्याचा?"

मधला रस्ता रामीबाईनं काढला. पोराचं नाक टोचा, फ्रॉक घाला, पोरगी म्हणून वाढवा. शाळेत जाईपर्यंत. मग मरीमायच्या ठाण्यावर नेऊन फ्रॉक उतरवा. मरीमाय फसते. पोरगी समजून हात लावत नाही.

शेण नको, फ्रॉक चालेल, असं उकंडा म्हणाला. पहिला फ्रॉक त्यानंच पुसदहून आणला. लाल. त्यावर बदकं होती. त्याला आपण फार पुढचा विचार केला असं वाटलं होतं.

पाच वर्षं लेकरू फ्रॉकमध्ये हिंडलं. जगलं. पहिलीत नाव घालायच्या वेळी उकंडाची आई अंथरुणाला खिळली होती, गाडीही नवीनच घेतलेली. ठाण्यावर जाणं राहून गेलं. उकंडानं पक्कडीनं नाकातली तार कापली, शर्ट-पँट घातली आणि शाळेत नेऊन बसवलं. लेकरू तीन दिवस रडलं. सगळीच रडतात पहिलीत, असं तो म्हणाला. आई त्याच पावसाळ्यात गेली. नवस कोणाच्या लक्षातही राहिला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी तो लक्षात आला. दोघांच्याही. एकाच वेळी.

"अर्धं सोडलं आपन," बेबी चुलीपुढं बसून म्हणाली. "फ्रॉक उतरवलाच नाही. मायनं पोरगी समजून ठेवून घेतलं."

"असं कुठं असते?"

"मंग कसं असते? तुमीच सांगा."

शेण की फ्रॉक, हे उकंडानंच निवडलं होतं. त्याला वाटलं, शेणच बरं होतं. मग वाटलं, नाही. मग काहीच वाटेनासं झालं.

शनिवारी सकाळची शाळा होती. व्हॅनमध्ये रजत नव्हतं. कोणी विचारलं नाही. पोरं उतरवून उकंडा थेट रामीबाईच्या दारात गेला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती.

"आता आठवलं का रे उकंड्या? नऊ वर्सानं? बँकेत टाकलं असतं तं दुप्पट झालं असतं."

"आता होईल का ते?"

"होते. कायले नाही होत?" ती शेंगा सोलत राहिली. "पण उतरवाचं तं आधी घालाव लागन. फ्रॉक अंगावर नसन तं उतरवशीन काय, कातडं?"

"चौदा वर्षांचं आहे ते, मावशी."

"मंग चौदा वर्साच्या पोरीचा आन. मायले काय माप मागाचं आहे? अन् नवा पाह्यजे. कोनाचा वापरेल नाही चालत."

म्हणून शनिवारी दुपारी उकंडा, बेबी आणि रजत पुसदच्या बाजारात होते. शुक्रवारपासून घरात कोणी कोणाशी धड बोललं नव्हतं. नवसाचं सांगितलं तेव्हा रजत फक्त म्हणालं, "मले घालाले भेटन?" बेबी म्हणाली, "एक घंटा. मंग उतरवाचा." रजत म्हणालं, "चालते."

दुकानदारानं काऊंटरवर पंजाबी ड्रेसचे गठ्ठे टाकले. "कोणासाठी?"

बेबीनं उकंडाकडं पाहिलं. उकंडानं बाहेर, केळीच्या गाड्याकडं.

"पोरीसाठी," बेबी म्हणाली.

"कितवीत आहे?"

"नववीत."

"उंची केवढी?"

"याच्याएवढी," बेबी म्हणाली आणि रजतकडं बोट केलं. दुकानदारानं रजतच्या खांद्याला टेप लावला. "भावाच्या मापाचा, म्हणजे अंगानं चांगली आहे पोरगी."

त्यानं आधी चमकीचा काढला. मग जाळीचा. बेबीला चमकीचा आवडला. देवीचं काम, जरा चांगला दिसावा. रजतनं गठ्ठ्याच्या तळातून एक ओढून काढला. सुती, पानाच्या रंगाचा, साधा, वर तशीच ओढणी.

"हा तर शाळेचा वाटते," बेबी म्हणाली.

"याले खिसा आहे," रजत म्हणालं.

उकंडा बाहेर पाहत होता, पण त्याला ऐकू येत होतं. रजत दुकानदाराला विचारत होतं की धुतल्यावर रंग जातो का. एका तासासाठी घालायच्या ड्रेसचा रंग. उकंडा केळीच्या गाड्यापर्यंत चालत गेला आणि नको असताना डझनभर केळी घेतली.

रविवारी सकाळी नवाच्या सुमारास ते ठाण्यावर पोचले. मरीमायचं ठाणं गावाच्या शिवेवर आहे. चार दगड, शेंदूर, एक कडुनिंब. उकंडानं नारळ, हळद-कुंकू, नवीन शर्ट-पँट आणली होती. केस कापायला कैची आणली होती. कैची शिवणाची होती. न्हाव्याला बोलवायला त्याला धीर झाला नाही.

रामीबाई सगळं सांगत होती. "पोरगं कपडे घालून येईन. तू मायपुढं उभं करशीन. वरची ओढनी तू काढाची, बापानं. काढता काढता म्हनाचं, 'घे माय, तुही पोरगी तुले, माहा पोरगा मले.' तीनदा. मंग केस काप. मंग ते झाडामागं जाऊन पँट घालन. ड्रेस इथंच सोडून द्याचा. वापस पाहाचं नाही."

"तीनदा?" उकंडा म्हणाला.

"कमी लागते काय? अजून एकदा म्हन."

रजत जवळच्या गोठ्यात कपडे बदलायला गेलं होतं. बेबी बरोबर गेली होती. बांधावरून कापूस वेचायला निघालेल्या चार बाया चालल्या होत्या. एक जण थांबली. "कोन आहे वं ते? कोनाकडची पाहुनी?"

"असन कोनी," दुसरी म्हणाली. "बेबीताईच्या भावाची पोरगी दिसते. चाल बाई, ऊन होते."

त्या गेल्या. उकंडानं वळून पाहिलं.

गोठ्याकडून एक पोरगी येत होती. क्षणभर त्यालाही वाटलं, कोण. चेहरा रजतचाच होता. केसही तेच, फक्त बेबीनं मागं बांधले होते. पण चाल वेगळी होती. त्याचं लेकरू चालायचं ते खांदे आत ओढून, दप्तर छातीशी धरून, भिंतीच्या कडेनं. ही सरळ चालत होती. एक हात खिशात होता. ढेकळं चुकवत नव्हती. ही चाल त्यानं पूर्वी पाहिली होती. लेकरू पाच वर्षांचं असताना.

बेबी मागून येत होती. ती पोरीकडं पाहत नव्हती. पायाकडं पाहत होती.

"छान दिसून राह्यली माय," रामीबाईच्या तोंडून निघून गेलं. मग ती भानावर आली. "चाल, चाल. उभं कर."

रजत दगडांपुढं उभं राहिलं. हात जोडले. तोंड शांत होतं. उकंडानं ओढणीचं टोक धरलं.

"म्हन."

"घे माय," उकंडा म्हणाला, "तुही पोरगी—"

आणि तो थांबला.

त्याला कळलं की आपण काय म्हणतो आहोत. मरीमायला तो लहानपणापासून ओळखत होता. ती ज्याला घेते, ते परत येत नाही. त्याची तीन भावंडं तिनं घेतली. अकरा दिवसांचा घेतला. सात महिन्यांचा घेतला. त्या दोघांना पुरलं ते या शिवेपासून शंभर पावलांवर. आणि आता तो स्वतःच्या हातानं एकीला पुढं करत होता. घे म्हणत होता. पोरगी म्हणजे कोण, असं त्यानं स्वतःला विचारलं. इथं दुसरं कोणी उभं नव्हतं.

"म्हन ना," रामीबाई म्हणाली. "तुले."

"नाही."

"काय नाही?"

"नाही देत मी."

"काय नाही देत?"

"पोरगी."

रामीबाई त्याच्याकडं पाहत राहिली. "अरे बावा, ते तं नुसतं म्हनाचं राह्यते."

"नुसतं नाही राह्यत मावशी. मागं दोनदा तं म्हटलंही नव्हतं, तरी नेले तिनं."

"अर्धं सोडशीन तं माय कोपन."

"कोपू दे."

बेबी पुढं आली. ती रडत नव्हती, चिडली होती. "मंग उद्या काय? सरनं काय सांगितलं? दाखला आनता का घरी? अन् लोकं? हे असं घेऊन गावात कसं जाता? तुमाले काई समजते का?"

"नाही," उकंडा म्हणाला. खरंच समजत नव्हतं. हातात अजून ओढणीचं टोक होतं. ते सोडायचं की धरायचं, हेही समजत नव्हतं.

"मीच केलं हे," तो म्हणाला. "शेन नको म्हटलं. फ्रॉक आनला मी."

"फ्रॉकनं नाही झालं बाबा," रजत म्हणालं. पहिल्यांदाच बोललं. "पाच वर्षं फ्रॉक घातला अन् नऊ वर्षं पँट. कपड्यानं होत असतं, तर मी कधीचीच मुलगा झाली असती."

रामीबाईनं हिशेब केल्यासारखी बोटं हलवली. मग म्हणाली, "हेही खरंच आहे म्हना." आणि नारळ उचलून पिशवीत टाकला. "फोडाचा नसन तं मी घेऊन जातो. चटनीले होईन."

दुपारी घरी बेबीनं कोणाला वाढलं नाही. भाकरी झाकून ठेवल्या आणि माळ्यावर सरकी पसरायला गेली. रजतनं ड्रेस काढून घडी घातला. कोणी सांगितलं नव्हतं. उकंडानं खुंटीवरची शाळेची पँट काढून दिली. ती देताना त्याला वाटलं, हीही आपण बळजबरीनंच देतो आहोत. मग वाटलं, उद्या दुसरं काय घालणार. दोन्ही खरं होतं.

संध्याकाळी बेबीनं केळी सोलून रजतपुढं ठेवली. "खाय," ती म्हणाली. एवढंच.

सोमवारी व्हॅन नेहमीच्या वेळेला निघाली. दुसऱ्या गावात पायल चढली, दप्तरांच्या ढिगाकडं पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली, "निकिता, ये इथं. मी सरकते."

गाडी शांत झाली. उकंडानं आरशात पाहिलं नाही. समोर रस्ता होता, तो पाहिला. मागं हालचाल झाली, कोणाचं तरी दप्तर खाली पडलं. अमर काहीतरी पुटपुटला. मग कोणीतरी तिखट शेवेचं पाकीट फोडलं आणि नेहमीचा गोंधळ सुरू झाला.

बाबाराव सर आज बसलेले होते. त्यांनी आधी केसांकडं पाहिलं. मग काडीकडं. मग उकंडाकडं.

"उकंडराव, मी काय सांगितलं होतं?"

"कापाले गेलतो सर. नाही कापले."

"मग दाखला लिहू?"

"दाखला मागाले नाही आलो."

"मग काय करायला आलात?"

"ते मले माहीत नाही सर."

सरांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. "तुम्हाला माहीत नाही. मला माहीत नाही. उद्या ते दोन पालक आले, तर मी काय सांगू? तुम्हाला माहीत आहे का ते कसं बोलतात?"

"माहा नंबर द्या त्याईले. मले बोलतीन."

"तुम्ही काय सांगाल?"

"तेही माहीत नाही. ऐकून घेईन."

"वरच्या ऑफिसला विचारावं लागेल," सर म्हणाले. "नावाचं, गणवेशाचं. मी काही शब्द देत नाही. ते काय म्हणतील, सांगता येत नाही."

"सर," दारातून रजत म्हणालं, "दुसऱ्या तासाले गणिताची चाचणी आहे. मी जाऊ वर्गात?"

सर आणि उकंडा दोघंही दाराकडं पाहू लागले. दिपाली मॅडम हजेरीपट घेऊन मागं उभ्या होत्या.

"सर, तेवढी स्टाफ बाथरूमची चावी द्या," त्या म्हणाल्या. "बाकीचं चालू राहील."

सरांनी बराच वेळ टेबलाचा खण शोधला. चावी त्यांच्या खिशातच होती. ती मॅडमकडं देताना ते म्हणाले, "तात्पुरती." मग दाराकडं बघून, "जा. चाचणी नीट सोडव." मग मॅडमना हळू आवाजात, "आणि ते कडी लावणारे कोण आहेत, त्यांना पाठवा माझ्याकडे. एकेकाला."

रजत गेलं. उकंडाही बाहेर आला. घरी जायचं होतं, शुक्रवारचं फवारायचं राहिलं होतं. तो व्हॅनमध्ये बसला. किल्ली फिरवली, बंद केली.

अकराला फोन वाजला. अमरचा बाप.

"उकंडभाऊ, उद्यापासून अमरले मीच सोडतो गाडीवर."

"काहून?"

"काई नाही. असंच. माहा रस्ताच आहे तो."

"तुमी तं उमरखेडकडं जाता ना?"

"आता इकडून जाईन."

"बरं," उकंडा म्हणाला. राग आला पाहिजे होता. आला नाही. गेल्या गुरुवारपर्यंत आपणही असाच फोन केला असता, असं त्याला वाटलं.

चाचणी संपली. त्यानंतरचीही घंटा झाली. प्रत्येक घंटेला तो सरळ होऊन बसायचा आणि कोणी धावत आलं नाही की पुन्हा टेकायचा. शाळा नुसती चालू होती. आतून कविता म्हणायचा आवाज येत होता.

मधली सुटी होऊन गेल्यावर बाबाराव सर फाटकातून बाहेर आले. व्हॅनच्या खिडकीपाशी थांबले.

"तुम्ही अजून इथंच?"

"जाऊन राह्यलो सर."

"दोन तासांपासून बघतोय मी खिडकीतून. तुम्ही बसून राहिले की मलाही भीती वाटते."

"काई झालं का आत?"

"काही नाही झालं. डबा खाल्ला. मुलींबरोबर." सरांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. "चहा घेता?"

टपरीवर दोघं लाकडी बाकड्यावर बसले. सरांचं शेत दिग्रसकडं आहे, त्यातही तूर आहे. अळी पडली आहे का, असं त्यांनी विचारलं. पडली आहे, उकंडा म्हणाला, शुक्रवारी अर्धंच फवारलं. कोणतं औषध, सर म्हणाले. उकंडानं नाव सांगितलं. सरांनी ते हातातल्या कागदावर लिहून घेतलं. त्याच कागदावर वरच्या ऑफिसला पाठवायच्या पत्राची सुरुवात होती. 'विषय' असं लिहून पुढं जागा कोरी सोडलेली होती. उकंडाला ती दिसली. त्यानं काही विचारलं नाही, आणि सरांनीही कागद लपवला नाही.

"विषय काय लिहावा, सुचत नाही," सर म्हणाले.

उकंडा विचार करत राहिला. चहा संपला तरी दोघंही उठले नाहीत.